फोटोखालचं नाव

आमच्या महिला मंडळात नवी सून आली आणि कुणी माझी ओळख 'ह्या फोटो काढतात' अशी करून दिली, की पुढचा प्रश्न ठरलेला. "लग्नाचे काढता का हो काकू?" मी म्हणते, "नाही गं, गाड्यांचे." मग ती गोंधळते. "म्हणजे विकायच्या गाड्यांचे?" मी म्हणते, "गाडी मालकाकडेच राहते. विकायचे ते फोटो."

एवढ्यावर कुणाला समजत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपनी एकसारख्या हजारो गाड्या काढते. त्यातली एखादी गाडी कुणी हौशी माणूस मिस्त्रीकडे नेतो आणि म्हणतो, "रस्त्यावर दुसरी अशी दिसायला नको, एवढं बघा." मग छप्पर कापलं जातं, पुढची जाळी बदलते, चाकांच्या वरचा पत्रा ठोकून फुगवला जातो, आतल्या गाद्या नव्यानं शिवल्या जातात. कॉन्टेसा, मारुती, प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीप. सगळ्यांचं असं रूपांतर मी पाहिलंय. अशा गाडीचे फोटो मोटारींच्या मासिकाला लागतात. ते काढून विकायचे, हा माझा जवळजवळ वीस वर्षांचा जोडधंदा.

फोटोचं वेड माहेरचं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, परभणीत स्टुडिओ होता. लाल दिव्याच्या खोलीत ताटलीतल्या पाण्यात कागदावर हळूहळू चेहरा उमटताना बघत मी मोठी झाले. १९८४ साली लग्न होऊन हैदराबादला आले. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी घरांचे नातेवाईक इथे आधीपासून. काचीगुड्याला घर, जैन मंदिर फार लांब नाही आणि ह्यांचं राणीगंजला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. दुकानात दुपारचा डबा घेऊन जायचे, तिथे मिस्त्री लोक यायचे. कोण पत्र्याचा, कोण रंगाचा, कोण कुशनचा, हे त्यांच्या नखांवरून ओळखू यायला लागलं.

१९९८ मध्ये 'ओव्हरड्राइव्ह' निघालं, १९९९ मध्ये 'ऑटोकार इंडिया'. मोटारींवरची गुळगुळीत कागदाची मासिकं स्टॉलवर दिसायला लागली. त्यांच्या पाठोपाठ लहानसहान आणखीही काही निघाली आणि बंद पडली. त्यातल्याच एका, आता बंद पडलेल्या मासिकानं आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे फोटो मागवले. मुंबईहून माणूस पाठवायचा खर्च त्यांना परवडत नव्हता. हे म्हणाले, "घरात फोटोग्राफर बसलीय की." असं सुरू झालं.

हा धंदा मूळचा अमेरिकेतला. लॉस एंजेलिसला रॉबर्ट पीटरसन यांनी १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिक काढलं. दुसरं महायुद्ध संपवून आलेली पोरं जुन्या फोर्ड गाड्या उघडून त्यांच्यात वेग आणि रूप भरत होती. त्यांना आपल्यासारख्या दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या होत्या. जॉर्ज बॅरिस हा तिथला नावाजलेला कारागीर. टीव्हीवरच्या बॅटमॅनची १९६६ ची गाडी त्याच्याच कारखान्यातली. हा माणूस आपण बनवलेल्या गाड्यांचे फोटो आपणच काढायचा, मजकूर लिहायचा आणि मासिकांना द्यायचा. त्याचा भाऊ सॅम. पत्र्याच्या कामात सॅमचा हात मोठा, आणि लोकांपुढे गाडी नेण्यात जॉर्जचा. आज जॉर्जचं नाव सर्वांना माहीत आहे, सॅमचं जाणकारांनाच. त्यांनी बनवलेली एक १९५१ ची मर्क्युरी फार गाजली. तिला जग काय म्हणतं? हिरोहाटा मर्क. हिरोहाटा म्हणजे ज्यानं ती करवून घेतली, तो मालक.

हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. पण वाचलं तेव्हा राणीगंजचीच गोष्ट वाचतेय असं वाटलं.

आधी कामाबद्दल सांगते, कारण त्यात मजा आहे. गाडीचा फोटो म्हणजे आरशाचा फोटो. चांगला रंग दिलेल्या दारात अख्खं जग दिसतं: विजेचा खांब, पाणीपुरीची गाडी, बघायला जमलेली पोरं आणि फोटो काढणारी बाई. पहिल्याच दिवशी रंगवाले उस्ताद मला म्हणाले, "बाजी, जरा हट के खडे रहो, तुम्हारी साडी दिखरी दरवाजे में." माझी फिक्या पिवळ्या रंगाची साडी काळ्या कॉन्टेसाच्या दारात हळदीच्या डागासारखी उमटली होती. तेव्हापासून कामाला जाताना गडद तपकिरी पंजाबी ड्रेस. सासूबाईंना तो रंग मुळीच आवडायचा नाही. "सणासुदीला तरी ते मातकट घालू नको गं," म्हणायच्या.

गाडीसमोर उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला तर गाडी खेळण्यासारखी दिसते. गुडघ्यावर बसून हेडलाइटच्या उंचीवर यायचं, थोडं लांब जायचं आणि लांबची लेन्स लावायची. जवळून रुंद लेन्सनं काढला की बॉनेट नाकासारखं फुगतं. पुढची चाकं किंचित अशी वळवायची की चाकाचा चेहरा कॅमेऱ्याला दिसावा, टायरचे दात नकोत. काचेवरची चमक मारायला पोलरायझर फिरवायचा, पण अगदी सगळी चमक घालवायची नाही. नाहीतर रंग मेल्यासारखा दिसतो. आतल्या गाद्यांवर फ्लॅश मारायचा नाही, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून सावकाश उजेड आत येऊ द्यायचा. मुखपृष्ठासाठी उभा फोटो, आणि वर मासिकाच्या नावाला जागा सोडायची. तेव्हा स्लाइड लागायच्या. छत्तीस फोटोंचा रोल महाग, धुलाई वेगळी. प्रत्येक वेळी बटण दाबताना भाजीच्या हिशेबासारखा हिशेब मनात चालायचा.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे उजेड. गाडीला दुपारचं ऊन चालत नाही. सूर्य क्षितिजाला टेकला की आकाश एका मोठ्या पांढऱ्या चादरीसारखं होतं आणि गाडीच्या अंगावरून एक लांब, सलग रेघ फिरते. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी सगळा खटाटोप. आणि नेमकी तीच वेळ आमच्या घरातल्या जेवणाची! सासूबाई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नसत. त्यांचं ताट वाढायचं ते उजेड असताना. म्हणजे हुसेनसागरच्या काठावर गाडी सोन्यासारखी झळकायला लागली की मी काचीगुड्याला कणीक मळत असणार.

ह्यांनी सुचवलं, एखादी बाई ठेवू स्वयंपाकाला. सासूबाईंना सोवळं-ओवळं फारसं नव्हतं, त्या तयारही झाल्या असत्या. पण मला दुसरी वाट सापडली. सूर्य काही एकदाच टेकत नाही. पहाटे, उगवतीच्या आधी, तोच उजेड मिळतो, आणि संध्याकाळसारखी गर्दीही नसते. गंडीपेटच्या रस्त्याला नाहीतर कुतुबशाही मकबऱ्यांच्या बाहेर पाच वाजता पोचायचं, सूर्य वर आला की काम संपवायचं. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, झाल्याशिवाय आमच्याकडे तोंडात काही घालायचं नाही. त्यामुळे उपाशीपोटी काम करण्याचं मला काही वाटायचं नाही. मंदिरात जाऊन घरी येईपर्यंत चहाची वेळ झालेली असे.

अडचण मालकांची. हैदराबाद उशिरा उठणारं शहर. लग्नाच्या पंगती मध्यरात्री उठतात इथे. पाचला गाडी आणा म्हटलं की मालक म्हणायचा, "मॅडम, शाम को रखिये ना." मग तो झोपलेला राहायचा आणि गाडी घेऊन मिस्त्री यायचा. ज्यानं पत्रा ठोकला तो, कधी ज्यानं रंग दिला तो. बोनेटवर पडलेलं दव पुसत ते मला गाडी दाखवायचे. इथे बघा, मूळ जोड होता, तो दिसतो का? नाही ना? इथे लांबी भरलेली नाही, सगळा पत्राच ओढून आणलाय. रंगाचे आठ हात आहेत, प्रत्येक हातानंतर पाणी मारून घासलंय. मालक गाडीबद्दल बोलायचे तेव्हा खर्च सांगायचे. हे लोक दिवस सांगायचे.

म्हणजे माझ्या पहाटेच्या वेळेमुळे मला ती माणसं भेटली. संध्याकाळी गेले असते तर मालक भेटले असते.

फोटोंबरोबर मासिकाला एक छापील कागद भरून द्यावा लागे. मूळ गाडी कोणती, साल, इंजिन, चाकं किती इंची, रंग कोणता, कामाला लागलेला वेळ. आणि 'मालकाचं नाव'. काम कुणी केलं, त्याला रकानाच नव्हता. मी खाली पेनानं लिहायचे: पत्रा अमुक, रंग तमुक, कुशन अमुक, पुराना पूल किंवा जिथला असेल तो पत्ता. पहिला अंक हातात आला तेव्हा बघितलं. फोटो सुंदर छापला होता. खाली लिहिलं होतं की मालकानं ही गाडी 'स्वतःच्या कल्पनेतून साकारली'. बाकी काही नाही.

मी उस्तादांना अंक नेऊन दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुलाला म्हणाले, "पढ बेटा." मुलानं वाचलं, आणि वाचून झाल्यावर गप्प बसला. उस्ताद म्हणाले, "फोटू अच्छी आई, बाजी." एवढंच. तक्रार नाही, काही नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मासिकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, जागा नव्हती. पुढच्या वेळी मी स्लाइडींसोबत चिठ्ठी जोडली: कारागिरांची नावं छापणार असाल तरच हे फोटो वापरा, नाहीतर परत पाठवा. त्यांनी परत पाठवले. दोन गाड्या अशा गेल्या. रोलचे, धुलाईचे, कुरिअरचे पैसे माझ्या कनवटीचे. हे हसून म्हणाले, "धंदा करतेस की आंदोलन?" पण थांब म्हणाले नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडे दुसरा मजकूर नसावा. फोटो आले आणि खाली बारीक अक्षरांत तीन नावं आली. मग तो पायंडा पडला. दुसरी मासिकं तर आपणहून विचारायला लागली, कारण वाचक पत्रं पाठवून विचारत: हे काम कुठे करून मिळेल?

उस्तादांच्या दुकानात ती पानं काच लावून टांगली गेली. कामं वाढली. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, बँकेत कर्ज मागायला गेलो तेव्हा हे पान नेलं होतं.

आमच्या शहरात या गोष्टीच्या दोन बाजू बघायला मिळतात. चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस ठेवली आहे, १९१२ ची, मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली. सहाव्या निजामानं ती मागवली, पण १९११ मध्येच तो वारला आणि गाडी सातव्या निजामाच्या वाट्याला आली. तिचा साज बार्कर नावाच्या लंडनच्या कंपनीनं चढवला, हे आजही सांगितलं जातं. पण ती बैठक कोणत्या हातांनी बसवली, ते कुणी सांगत नाही. त्याच शहरात बहादूरपुऱ्याला, प्राणिसंग्रहालयाजवळ, सुधा कार्स म्युझियम आहे, २०१० मध्ये उघडलेलं. तिथे के. सुधाकर यांनी भंगारातून बनवलेल्या गाड्या आहेत: क्रिकेटच्या चेंडूची, कॅमेऱ्याची, वांग्याची, बायकांच्या पर्सची, उंच टाचेच्या चपलेची. चालणाऱ्या गाड्या, दिखाऊ सांगाडे नव्हेत. २००५ मध्ये त्यांनी एकेचाळीस फुटांहून उंच तीनचाकी बनवून चालवली आणि ती गिनेस बुकात गेली. नातवंडांना घेऊन जा, फार खूश होतात. तिथे बनवणारा आणि मालक एकच, म्हणून नाव हरवायचा प्रश्न आला नाही. बनवणारा निराळा आणि पैसे देणारा निराळा झाला, की पहिलं नाव पुसलं जातं.

दशलक्षण पर्वात एकदा उत्तम आकिंचन्य धर्माच्या दिवशी मंडळात चर्चा चालली होती. एका ताईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं काम म्हणजे परिग्रहाची जाहिरातच नव्हे का? दुसऱ्याच्या मिरवण्याचे फोटो काढायचे आणि तिसऱ्याच्या मनात हाव उत्पन्न करायची." प्रश्न खोटा नव्हता. मासिक विकलं जातं ते हावेवरच, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "ताई, 'गाडी कुणाची' एवढंच छापलं तर तुम्ही म्हणता तसंच आहे. 'कुणी केली' हेही छापलं तर वाचणाऱ्याची नजर थोडी हलते. गाडी त्याला मिळणार नाही, पण हात काय करू शकतात ते कळतं." त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. पण मी पाहिलेल्या त्या गाड्यांपैकी बहुतेक मालकांनी चार-पाच वर्षांत विकून टाकल्या, काही भंगारात गेल्या. हातातलं कसब मात्र मुलाकडे गेलं, नातवाकडे गेलं. मग परिग्रह कशाचा टिकला?

त्यानंतर मला आमच्या मंदिरातल्या संगमरवरी पाट्या वेगळ्या दिसायला लागल्या. जीर्णोद्धार कुणाच्या देणगीतून, फरशी कुणाच्या स्मरणार्थ, पंखा कुणाचा. दगड घडवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी ट्रस्टच्या बैठकीत विषय काढला. "पाटीवर जागा नाही," असं उत्तर मिळालं. मला हसू आलं, हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. शेवटी स्मरणिकेत एक पान मिळालं. मी पाथरवटांचे आणि गवंड्यांचे फोटो काढले, खाली नावं दिली. त्यातल्या एकानं चार प्रती मागून नेल्या.

आता या गोष्टीचा अवघड भाग. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की कंपनीनं ठरवलेल्या ढाच्यात फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालणार नाही. रंग बदलणं, बारीकसारीक वस्तू बसवणं वेगळं. छप्पर कापणं, चेसिस बदलणं बंद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच, पण कुणी फार मनावर घेत नव्हतं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आली. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कापलेल्या छपराची गाडी उलटली तर आत बसलेल्याचं काय होतं, ते राणीगंजला दुकान असलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

काही दिवसांनी उस्तादांचा मुलगा घरी आला. वडील आता थकलेत, दुकान तोच बघतो. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "बाजी, अब फोटू के नीचे नाम नक्को डालो. पढ के लोगां आ जारे पूछने कू." काचेतली जुनी पानंही त्यानं उतरवून ठेवली होती. मालक तर आधीच नंबरप्लेट झाकून फोटो मागायला लागले होते. ज्या नावासाठी मी स्लाइडी परत घेतल्या, तेच नाव आता त्या घराला भीती घालत होतं. नाव छापून घेणं हा त्याचा मान होता. न छापणं हा आता त्याचा निर्णय. मी म्हटलं, "ठीक आहे." म्हणूनच या लेखातही कुणाचं नाव नाही.

मासिकंही राहिली नाहीत फारशी. अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरात एका झटक्यात मोटारींच्या एकोणीस मासिकांची छपाई बंद झाली. आता पोरं मोबाइलवर गाडीचा फोटो काढतात, क्षणात सगळीकडे टाकतात. उजेडाची वाट बघत नाहीत. चांगले असतात कधी कधी.

माझ्याकडे एक वही आहे. दिवाळीला ह्यांची नवी हिशेबाची वही पूजेला ठेवतात, त्यांच्या शेजारी मी ही ठेवते. रोलचा नंबर, तारीख, गाडी; पुढे पत्रा कुणी, रंग कुणी, कुशन कुणी, वायरिंग कुणी. मालकाचा रकाना शेवटी. मागच्या वर्षी कुशनवाल्यांची नात कॉलेजच्या कामासाठी आजोबांच्या कामाची माहिती विचारायला आली. मी वही तिच्यापुढे ठेवली. तिनं बोट फिरवत अकरा ठिकाणी आजोबांचं नाव शोधलं. एका ठिकाणी मी घाईत अर्धंच लिहिलं होतं, आडनाव नव्हतं. तिनं पेन मागितलं आणि पूर्ण केलं.